नऊ टिकल्या

२ ऑक्टोबर १४६०, गुरुवार

उसवायचं काम आलंय. उसवायचं! वीस वर्षं शिवून पोट भरलं आणि आता सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आलं ते उसवून द्या म्हणत.

सकाळी दुकान उघडून सुया लावत होते, तर मठाच्या पाहुणेघरातून एक माणूस आला. रेनफ्रेड नाव. यॉर्कच्या ड्यूकचा माणूस, तुतारीवाल्यांचं सामान याच्या ताब्यात. ड्यूक आपली फौज घेऊन मठात उतरलेत हे सगळ्या ॲबिंग्डनला माहीत आहे, पाव महागलाय त्यावरूनच कळतं. त्याने टेबलावर सहा निशाणं पसरली. तुतारीला लटकतात ती. निळ्यावर सोनेरी लिली, लालवर सोनेरी सिंह. राजाचं चिन्ह! आणि वरून आडवी पांढरी पट्टी, तिला लोंबत्या तीन जिभा, प्रत्येक जिभेवर तीन लाल टिकल्या. ड्यूकची पट्टी. "मी राजाच्या घराण्यातला, पण राजा नव्हे" — एवढंच ती पट्टी सांगते. पण ते सांगावं लागतं.

"ही काढायची," म्हणाला.

"पट्टी?"

"सहाच्या सहा."

मी म्हटलं, "साहेब, ही काढली तर उरतं ते राजाचं निशाण."

"हो," म्हणाला. "उरतं खरं."

राजे हेन्री जिवंत आहेत. लंडनमध्ये आहेत. त्यांचं निशाण दुसऱ्याने लावलं तर मान जाते — लावणाऱ्याचीही, शिवणाऱ्याचीही. वडिलांनी मला अक्षरं शिकवली त्याच्याआधी हे शिकवलं होतं. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात मागून हॅमो, माझा नवरा, हात पुसत पुढे आला. "कधीपर्यंत पाहिजे, साहेब?"

गळा दाबावासा वाटला त्याचा.

३ ऑक्टोबर

जेवताना हॅमोने अक्रोड मांडून समजावलं. हा म्हातारा राजा, हे त्याचे मुलगे. हा वरचा भाऊ, हा खालचा. ड्यूक वरच्याच्या रक्ताचे, पण मधे एक बाई. राजे खालच्याच्या रक्ताचे, पण सगळे पुरुष. "आता तूच सांग, वरचा मोठा की खालचा?"

सासूबाईंनी चाचपडत हात पुढे केला आणि वरचा भाऊ फोडून खाल्ला. "राजे ते राजे," म्हणाल्या. "कपाळाला देवाचं तेल लागलंय त्यांच्या. तुझ्या ड्यूकला काय लागलंय?"

"आई, तू माझा वारसदार खाल्लास!"

"खवट होता."

मी हसले, पण ताट अर्धवट सोडून उठले. हॅमोला यात फक्त न्याय दिसतो. ढाली रंगवणारा माणूस, सगळं जग त्याला निळं नाहीतर लाल.

४ ऑक्टोबर

तीन पट्ट्या काढल्या. पट्टी सहज निघते, पण तिच्याखालचं कापड ऊन न लागल्याने गडद राहिलेलं! निळ्यावर आणखी निळी रेघ, तीन जिभांसकट. काढली तरी दिसतेच. शिवाय पट्टीच्या जागी लिलींना शेंडे नाहीत आणि वरच्या सिंहाला पाठ नाही. कुणी शिवलीच नव्हती, कशाला शिवतील! ते सगळं आता मला भरायचंय.

दार वाजलं की मी कापडावर मठाच्या वेदीची चादर ओढते. दूधवालीला वाटलं मी आजारी आहे.

६ ऑक्टोबर

संपलं. बोटांना सुई टोचून टोचून चाळण झाली.

सासूबाईंना मोतीबिंदू झाल्यापासून त्या काम बोटांनी पाहतात. सगळ्या निशाणांवरून हात फिरवला. "लिलीचे शेंडे छान भरलेस," म्हणाल्या. "पाप आहे, पण छान भरलेस." हॅमोने सिंहाच्या पाठीवर रंगाची सावली मारली होती, ती त्यांना लागली नाही. तो लगेच फुशारला, "माझा रंग हाताला लागतच नाही, आई. पाण्यासारखा बसतो."

"म्हणून तर कुणी पैसे देत नाही," सासूबाई.

रेनफ्रेड निशाणं घेऊन गेला. काढलेल्या सहा पट्ट्या जाळा म्हणाला. मी चुलीकडे निघाले तर हॅमो आडवा. "चांदीची तार आहे त्यात. वेडी का तू? आणि कोण जाणे, लागतील पुन्हा." पट्ट्या चादरींच्या खणात ठेवल्या, अगदी तळाशी.

दुपारी मठाच्या फाटकातून तुताऱ्या वाजत निघाल्या. बाजारात लोक उभे राहिले. बेकरीवाल्याने टोपी काढून मला विचारलं, "राजे आले का गं?" मी म्हटलं, मला काय माहीत. त्याने टोपी अर्धीच डोक्यावर ठेवली.

१४ ऑक्टोबर

मठाचा गाडीवान ओसबर्ट लंडनहून आला. म्हणतो, ड्यूक तुताऱ्या वाजवत वेस्टमिन्स्टरच्या दालनात शिरले, थेट सिंहासनापाशी गेले, गादीवर हात ठेवला आणि वळून पाहिलं. वाटलं, जयजयकार होईल. कुणी चकार शब्द काढला नाही! सगळे उमराव आपापल्या बुटांकडे बघत उभे.

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मला हसू येत नाही. माझे सहा सिंह त्या दालनात होते. उद्या कुणी विचारलं, ही कुणाच्या हातची? आणि खणात पट्ट्या आहेत, पुरावा म्हणून नीट घडी घालून ठेवलेल्या! हॅमोला म्हटलं, जाळू दे. नाही म्हणाला.

१९ ऑक्टोबर

बातमी नाही. वेदीच्या चादरीचा काठ घातला, उसवला, पुन्हा घातला.

१ नोव्हेंबर, सर्व संतांचा दिवस

मिटलं म्हणे! चर्चमध्येच वाचून दाखवलं. राजे जगतील तोवर राजे. त्यांच्यानंतर ड्यूक. म्हणजे ड्यूक आता वारस. आणि राजांचा सात वर्षांचा मुलगा, युवराज, त्याला काही नाही.

सासूबाई चर्चच्या पायरीवरच थांबल्या. "सात वर्षांच्या पोराच्या पुढचं ताट ओढलं. आणि त्याची आई काय गप्प बसेल?"

राणीसाहेब उत्तरेकडे माणसं गोळा करताहेत असं ओसबर्ट म्हणतो.

तरी मी आज पोटभर जेवले. वाम माशाचं कालवण केलं. मिटलं ना! मान शाबूत!

२ नोव्हेंबर

कालचं जेवण अंगी लागू द्यायचं नाही असं देवाने ठरवलं होतं.

रेनफ्रेड आला, घोडा फेसाळलेला. निशाणं टेबलावर टाकली. "पट्ट्या परत लावा!"

"आत्ता तर काढायला लावल्यात!" मी म्हटलं.

"वारसाला पट्टी लागते, बाई. ते राजे नाहीत, वारस आहेत. आता पट्टीशिवाय फिरलो तर करार मोडला म्हणतील. उद्या दुपारी निघायचंय."

हॅमोने माझ्याकडे असं पाहिलं की मी म्हटलं नव्हतं का! मला त्याला ढाल फेकून मारावीशी वाटली, पण सुटल्यासारखंही झालं. खण उघडला. चादरी काढल्या. एक, दोन, तीन, चार, पाच.

पाच.

सगळा खण जमिनीवर ओतला. पाचच.

सासूबाई चुलीपाशी बसून वाटाणे सोलत होत्या. डोकं न उचलता म्हणाल्या, "चांदीची झालर का? ती मी सेंट हेलन चर्चमधल्या माउलीच्या मूर्तीला दिली. झग्याला काठ नव्हता तिच्या. खणात पडूनच होती, बोटाला लागली."

"आई!" हॅमो ओरडला. "ड्यूकची पट्टी होती ती!"

"मग आता चांगल्या घरी गेली."

धावत चर्चमध्ये गेले. माउलीच्या झग्याला पट्टी लावलेली, तीन तुकडे करून, लाल टिकल्या आतल्या बाजूला दुमडून! देवाला दिलेलं परत काढता येत नाही. काढलंही असतं मी, खरं सांगते, पण पाद्री तिथेच मेणबत्त्या खरवडत होता.

नवी करायला बसले. पांढरं रेशीम आहे. चांदीची तार आहे. लाल रेशीम नाही! शेवटची लडी मठाच्या झग्यात गेली, आणि लंडनहून आणायची तर चार दिवस. पट्टी झाली. टिकल्या नाहीत.

आणि कोरी पांढरी पट्टी कुणाची असते? राजाच्या थोरल्या मुलाची. त्या सात वर्षांच्या पोराची! बाकी सगळं सारखं — तेच सिंह, त्याच लिली. नऊ टिकल्या असल्या तर ड्यूक, नसल्या तर युवराज. ड्यूकच्या तुतारीवर युवराजाचं निशाण! कुणी म्हणेल मी मुद्दाम केलं. कोण ऐकणार की लाल रेशीम संपलं होतं?

हॅमो म्हणतो, "अगं, मी रंगवतो ना. नऊ ठिपके! किती वेळ लागतो?" पण रेशमावर आधी सरस द्यावा लागतो, तो या ओल्या हवेत दोन दिवस वाळत नाही. उद्या दुपारी कसं जमणार?

३ नोव्हेंबर

हॅमो गेला. त्यांच्याबरोबर.

रेनफ्रेडला ढाली रंगवायला माणूस हवाच होता. हॅमो म्हणाला, मी येतो, आणि मला बाजूला घेऊन, "वाटेत रंगवून टाकतो, कुणाला कळणारही नाही." सहावं निशाण त्याने सगळ्यांत खाली घडी करून ठेवलं. रेनफ्रेडला आम्ही काही सांगितलं नाही. आता हे लिहिताना वाटतं, सांगायला हवं होतं.

त्याच्या करंगळीला लोकरीचा लाल दोरा बांधला. "हा बघितलास की काय आठवायचं?"

"तू."

"टिकल्या, मेल्या!"

लग्नाच्या दिवशी हा अंगठी घरी विसरला होता. सासूबाईंच्या पडद्याची कडी घालून लग्न लागलंय माझं. गिरणीवाल्याची पाटी रंगवली त्यात पाणी काढलं, बदकं काढली, गिरणी राहिली. असल्या माणसाच्या हातात माझी मान आहे.

जाताना कोपऱ्यावर वळून त्याने करंगळी वर करून दाखवली. सगळा रस्ता हसला.

११ नोव्हेंबर, संत मार्टिनचा दिवस

डुक्कर कापलं. मीठ लावून टांगलं. हात चालू असले की बरं असतं.

२१ नोव्हेंबर

ओसबर्ट लंडनहून आला. हॅमोला भेटला. बरा आहे, खोकला आहे, बूट फाटलाय.

"आणि टिकल्या?"

"म्हणाला, हो हो, उद्या."

उद्या! अठरा दिवस झाले! सहावा तुतारीवाला तापाने पडलाय, त्यामुळे ते निशाण अजून बाहेर काढलंच नाही म्हणे, हॅमोच्याच पिशवीत आहे. म्हणून निवांत. तुतारीवाला बरा होऊन उठला आणि निशाण लटकवलं, की संपलं! त्या फौजेत एकाला तरी चिन्ह वाचता येत असेलच.

सासूबाईंना म्हटलं, हे सगळं तुमच्यामुळे. दुपारी त्यांनी माझ्या उशाशी गरम वीट आणून ठेवली.

५ डिसेंबर

ओसबर्ट पुन्हा निघालाय. ड्यूकची फौज चार-पाच दिवसांत उत्तरेला जाणार, राणीसाहेबांच्या लोकांवर. हॅमो जाईलच. त्याच्याआधी गाठायला पाहिजे.

शिंपल्यात हिंगुळाचा लाल रंग कालवून, वाळवून, दोऱ्याने बांधून दिला. खारीच्या केसांचा कुंचला दिला. सरस चिंधीत. आणि कागदाच्या तुकड्यावर पट्टी काढून, नऊ गोल बरोबर मापाचे. म्हणजे विचार करायलाच नको. खाली लिहिलं, "हे झाल्याशिवाय जेवायचं नाही. एवढं एक काम आयुष्यात वेळेवर कर."

जरा कडक झालं. पण त्याला गोड बोललेलं लक्षात राहत नाही.

सासूबाईंनी एक मोजा दिला. दुसरा अजून विणायचाय.

२३ डिसेंबर

ओसबर्ट आला! चाक मोडल्याने वाटेतच अडकला होता. पुडकं हॅमोच्या हातात दिलंय. फौज निघत होती, हॅमो सामानाच्या गाडीवर चढत होता. चिठ्ठी वाचली, हसला, सगळं कुडत्यात कोंबलं.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, सांग तिला, आज जेवणारच नाही."

"म्हणजे रंगवणार ना?"

"मला काय माहीत, बाई. हसत होता."

कुडत्यात कोंबलं म्हणजे विसरला. त्याच्या कुडत्यात मागच्या वर्षीची वाटाण्याची शेंग सापडली होती मला. तुतारीवाला बरा झालाय का, हेही ओसबर्टला माहीत नाही!

२५ डिसेंबर

चर्चमध्ये माउलीच्या झग्याकडे बघवेना. काठ छान दिसतो. सगळ्या बायका विचारतात कुणी दिला.

३१ डिसेंबर

नदीच्या कडा गोठल्यात. दुसरा मोजा झाला.

७ जानेवारी

वेकफील्ड म्हणून एक गाव आहे. मी नाव ऐकलं नव्हतं. तिथे ड्यूक मारले गेले. फौजच उरली नाही. बर्फात तासाभरात सगळं आटोपलं म्हणे. हे सगळं बेकरीच्या दारात कळलं, पाव हातात घेऊन उभी होते.

हॅमोचं कुणाला काही माहीत नाही. कसं माहीत असणार? कोण लक्षात ठेवतो सामानाच्या गाडीवरच्या रंगाऱ्याला?

सासूबाई हसल्या नाहीत. ड्यूक गेल्याचं ऐकून त्या हसतील असं मला वाटलं होतं. "त्याच्या पायात एकच मोजा होता गं," म्हणाल्या. मग बसल्याच.

१३ जानेवारी

रेनफ्रेड आला. मागच्या दाराने, एका हाताला चिंध्या गुंडाळलेल्या, अंगावर कुणाचातरी शेतकऱ्याचा झगा. मी ओळखलंच नाही. कढण दिलं, ते त्याने भांड्यानेच प्यायलं.

जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

पळणारे सगळे पुलाकडे धावले. पुलाच्या तोंडाशी राणीसाहेबांचे लोक. बर्फात, चिखलात चेहरे कळत नव्हते, म्हणून चिन्हं बघत होते. छातीवर काय, हातात काय. आपलं असलं तर जा म्हणायचे. ड्यूकचं असलं तर तिथेच. रेनफ्रेडने आपलं चिन्ह ओरबाडून फेकलं, ओढ्यात उतरला, म्हणून वाचला.

"हॅमो?"

"तुतारीवाल्याचं निशाण होतं त्याच्याकडे. सहावं. तुतारीवाला पडला, याने ते उचललं. टाक म्हणून ओरडलो मी! टाकेना. म्हणाला, बायकोचं काम आहे. पुलाकडे धावत होता, ते शेवटचं."

मी विचारलं, "पट्टीवर टिकल्या होत्या का?"

त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी वेड लागलेल्यावर टाकतात. मग मी सगळं सांगितलं. माउलीचा झगा, लाल रेशीम, कोरी पट्टी, शिंपला. त्याने भांडं खाली ठेवलं.

"मी नीट पाहिलं नाही, बाई. तुतारीला गुंडाळलेलं असायचं," म्हणाला. मग हाताची चिंधी घट्ट करत, "पण कोरी असेल तर त्यांनी त्याला हात लावला नसणार. युवराजाचं निशाण घेऊन येणाऱ्याला कोण मारेल? उलट ओढून आपल्यात घेतलं असेल. तो त्यांच्याच फौजेत असेल आज."

कोरी असेल तर!

१४ जानेवारी

विसर, हॅमो. तू विसरलेला अस.

दोन महिने आठव आठव म्हणून देवाला छळलं. आता सकाळी गुडघे टेकले आणि तोंडातून नेमकं उलट. देवाला कंटाळा आला असेल माझा.

सासूबाईंना सांगितलं. त्या उठल्या, काठी घेतली आणि बर्फातून सेंट हेलनला गेल्या. परत आल्या तर चेहरा उजळलेला. "बघ! मी पट्टी माउलीला दिली म्हणून माझं पोर वाचलं. आणि तू मला बोललीस!"

"चुकलं माझं," म्हटलं. खरंच वाटलं तसं.

१८ जानेवारी

आम्ही दोघी चुलीपाशी बसून त्याचा विसरभोळेपणा आठवतो. सासूबाई नवीन नवीन काढतात. सात वर्षांचा असताना याला मेंढ्या आणायला पाठवलं, तर हा एकटाच परत आला आणि विचारतो, मी कशाला गेलो होतो? एकदा स्वतःच्याच नावाचा संत विसरला. मी गिरणीची पाटी पुन्हा सांगितली. पडद्याची कडी दोनदा सांगितली. इतक्या हसलो! असा माणूस कुडत्यात कोंबलेला शिंपला आठवेल? शक्यच नाही.

मग मला मी लिहिलेली चिठ्ठी आठवते. एवढं एक काम आयुष्यात वेळेवर कर. का लिहिलं मी ते!

२ फेब्रुवारी

राणीसाहेबांची फौज दक्षिणेकडे येतेय, वाटेतली गावं लुटत. ॲबिंग्डनमध्ये सगळ्यांनी भांडी पुरली. मठाने चांदी विहिरीत सोडली. शेजारीण विचारते, तुम्ही काहीच कसं लपवत नाही? काय सांगू तिला? सगळं गाव जिच्या नावाने थरथरतंय त्या फौजेची वाट बघणाऱ्या आम्ही दोघीच. सासूबाईंनी मोज्यांची जोडी दाराशी खुंटीला लावून ठेवली आहे.

२० फेब्रुवारी

लंडनजवळ सेंट ऑल्बन्सच्या लढाईत राणीसाहेब जिंकल्या. आणि परत फिरल्या! लंडनने दरवाजे उघडले नाहीत, म्हणून फौज उत्तरेला गेली. इथे आलीच नाही. गावात लोक गाताहेत.

सासूबाई म्हणाल्या, "त्यांच्याबरोबर गेला असेल. घर कुठल्या बाजूला ते विसरला असेल."

"हो."

"येईल."

"हो."

७ मार्च

ड्यूकचा मुलगा लंडनमध्ये राजा झाला. दोन राजे झाले आता. रेनफ्रेडचा निरोप आला, निशाणं करायची आहेत, पट्टी नको. मी अजून उत्तर पाठवलेलं नाही.

१२ मार्च

जुनी जरतार विकत घेणारा फेरीवाला आला, उत्तरेकडून. जरतार जाळून सोनं-चांदी काढायची, त्याआधी चांगले तुकडे आम्हाला दाखवतो. गाठोडं सोडलं. वरच माझा सिंह. पट्टीखालून डोकावणारी पाठ मी भरलेली.

"वेकफील्डच्या पुलावरचं," म्हणाला. "मेलेल्या माणसाच्या अंगाखाली होतं, म्हणून चिखल कमी लागलाय. सोडतच नव्हता म्हणे हातातून."

निळ्यात भाल्याचं भोक. पट्टी जागेवर. नऊ टिकल्या. मी मोजल्या, पुन्हा मोजल्या. नऊ. माझ्या मापाच्या, नीट गोल, सरस देऊन, वाळवून. एकही थेंब बाहेर नाही.

सासूबाई काठी टेकत आल्या. कापड ओळखलं त्यांनी. बोट पट्टीवर आलं, पहिल्या जिभेवरून, दुसऱ्या, तिसऱ्या. गुळगुळीत. हॅमोचा रंग हाताला लागत नाही.

"कोरी आहे!" म्हणाल्या. "ॲव्हिस, कोरीच आहे गं! विसरला माझा बाळ!"

फेरीवाला तोंड उघडणार होता. मी त्याच्या हातावर हात ठेवला.

"हो," म्हटलं. "विसरला."

त्या मोजे उबेला ठेवायला आत गेल्या.